गरोदरपणाचे पहिले तीन महिने: काय होतं, काय खावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या तिमाहीत सगळ्यात जास्त सल्ले खाण्याबद्दल मिळतात, आणि नेमकं याच काळात अन्न समोर आलं की पोटात ढवळतं. म्हणून आधीच सांगून ठेवते: या तीन महिन्यांत चौरस आहार, ठरल्या वेळी, पोटभर असं जमलं नाही तरी बहुतेक वेळा बाळाचं काही अडत नाही. काही मोजक्या गोष्टी मात्र खरोखरच महत्त्वाच्या असतात. या दोन्हींची गल्लत होऊ नये, एवढाच या पानाचा हेतू. तुमचे आधीचे आजार आणि चालू औषधं तुमच्या डॉक्टरांना माहीत असतात. त्यांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

पाळी चुकून चारच दिवस झालेत आणि डॉक्टर म्हणतात साडेचार आठवडे झाले. हे कसं काय?

गरोदरपण शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ राहिलेलाच नसतो, तरी ते हिशोबात धरले जातात. गर्भ नेमका कोणत्या दिवशी राहिला हे बहुतेकींना सांगता येत नाही, पाळीची तारीख मात्र आठवते, म्हणून ही पद्धत. याच तारखेत २८० दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख निघते. पाळी अनियमित असेल तर हा हिशोब फसतो. अशा वेळी सोनोग्राफीत गर्भाची लांबी मोजून तारीख ठरवतात, आणि पहिल्या तिमाहीतलं हे मोजमाप नंतरच्या मोजमापापेक्षा जास्त भरवशाचं असतं.

किटवर दुसरी रेघ अगदी पुसट आली आहे. आहे की नाही?

किटवर दिलेल्या वेळेच्या आत आली असेल तर पुसट रेघही बहुतेक ‘हो’च म्हणते. तासाभराने कचऱ्यातून पुन्हा उचलून पाहिलेल्या किटवरची रेघ धरू नका. लघवी वाळली की तशी खूण उमटू शकते. दोन-तीन दिवस थांबून सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा टेस्ट करा. किट ज्या एचसीजी संप्रेरकाचा शोध घेतं, ते सुरुवातीच्या दिवसांत साधारण दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होतं, त्यामुळे रेघ गडद व्हायला हवी.

पहिल्या तीन महिन्यांत शरीरात काय काय जाणवतं?

सगळ्यात आधी थकवा. दुपारी दोन वाजता डोळे मिटायला लागतात, जिने चढताना धाप लागते, आणि बाहेरून बघणाऱ्याला तर काहीच दिसत नसतं. स्तन जड होतात, दुखतात. लघवीला वारंवार जावं लागतं. पोट फुगतं, बद्धकोष्ठता होते, कारण प्रोजेस्टेरॉनमुळे आतड्यांची हालचाल मंदावते. वास नको इतके जाणवायला लागतात: फोडणीचा, साबणाचा, शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा. पांढरं पाणी थोडं जास्त जाऊ शकतं. त्याला वास, खाज किंवा जळजळ नसेल तर त्यात काही गैर नाही. मूड मिनिटामिनिटाला बदलतो. ओटीपोटात पाळीसारखी हलकी कळ येऊन जाते, तीही बहुतेक वेळा साधीच असते.

मला यातलं काहीच होत नाहीये. काही बिघडलंय का?

नाही. काहींना मळमळ शिवतही नाही आणि सगळं सुरळीत पार पडतं. लक्षणं एखाद्या दिवशी कमी, दुसऱ्या दिवशी जास्त, हेही नेहमीचंच. बाळ कसं आहे हे सोनोग्राफी सांगते, मळमळ नाही.

मळमळ का होते? ‘मनावर घेतेस म्हणून होतं’ असं मला सांगितलं जातंय.

मनावर घेतल्याने नाही, जीडीएफ१५ नावाच्या एका संप्रेरकाचा यात मोठा हात आहे. गर्भ आणि वार हे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार करतात आणि ते आईच्या मेंदूतल्या उलटीच्या केंद्रावर काम करतं. २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं दिसलं, की गर्भ राहण्याआधी जिच्या रक्तात हे संप्रेरक कमी असतं, तिला अचानक वाढलेल्या मात्रेचा जास्त त्रास होतो. तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘जरा मन रमव’ म्हणालं, तर हे खुशाल ऐकवा.

मळमळ साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, नवव्याच्या सुमारास जोर धरते आणि बहुतेकींची चौदाव्या ते सोळाव्या आठवड्यापर्यंत ओसरते. ती फक्त सकाळीच होते असं नाही. कित्येकींचा सगळ्यात वाईट वेळ संध्याकाळचा असतो.

मळमळीवर उपाय काय?

पोट पूर्ण रिकामं राहू देऊ नका आणि तट्ट भरूही नका, सगळे उपाय याच्याच भोवती फिरतात. उशाशी एक छोटा डबा ठेवा, त्यात खारी बिस्किटं किंवा कोरडा टोस्ट. जाग आली की उठून बसण्याआधी, आडव्यानेच एक-दोन खा, पंधरा-वीस मिनिटं तशाच पडून राहा आणि मग हळू उठा. त्यानंतर दिवसभर दर दीड-दोन तासांनी चार घास. पाणी जेवणासोबत न घेता मधल्या वेळात घोट-घोट प्या. साधं पाणी नकोसं होत असेल तर बर्फाचा तुकडा चोखा, लिंबू पिळून घ्या. गरम अन्नाचा वास जास्त येतो, म्हणून गार किंवा कोमट केलेलं खाऊन बघा. स्वयंपाक दुसऱ्या कोणी केला तर अर्धी लढाई तिथेच जिंकली.

आल्याने बऱ्याच जणींना आराम पडतो. ब६ जीवनसत्त्वाची गोळी, आणि तिच्यासोबत गरज पडली तर डॉक्सिलामिन, ही औषधं डॉक्टर देतात. ‘गरोदरपणात गोळी नकोच’ हा धसका समजण्यासारखा आहे: १९५७ ते १९६१ या काळात थॅलिडोमाइड नावाचं औषध मळमळीवरही दिलं गेलं आणि जगभरात दहा हजारांहून जास्त बाळं अवयवांत व्यंग घेऊन जन्मली. आजचे औषधांच्या तपासणीचे कडक नियम बऱ्याच अंशी त्या घटनेनंतर आले. ब६ आणि डॉक्सिलामिन मात्र अनेक दशकं वापरात आहेत आणि त्यांच्यावर भरपूर अभ्यास झाला आहे. डॉक्टरांनी दिली असतील तर दात-ओठ खाऊन सहन करत बसण्यापेक्षा घेतलेली बरी.

एक बारीकशी गोष्ट: उलटी झाल्या झाल्या दात घासू नका. पोटातल्या आम्लाने दातांवरचं आवरण मऊ झालेलं असतं, ब्रशने ते झिजतं. नुसती चूळ भरा, अर्ध्या तासाने ब्रश करा.

उलट्या किती झाल्या म्हणजे डॉक्टरांकडे जायचं?

आकडा मोजण्यापेक्षा लघवीकडे बघा. आठ तासांत लघवीच झाली नाही, किंवा गडद पिवळी-तपकिरी झाली, तर शरीरात पाणी कमी पडतंय. चोवीस तासांत पाण्याचा घोटही टिकत नसेल, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, उलटीत रक्त असेल किंवा वजन भराभर उतरत असेल तर वाट बघू नका. सलाईन आणि औषधांनी हे आटोक्यात येतं. ‘सगळ्यांनाच होतं’ हे वाक्य इथे लागू नाही.

आता दोन जिवांसाठी खायचं ना?

पहिल्या तिमाहीत नाही. आठव्या आठवड्यात गर्भ जेमतेम दीड सेंटिमीटरचा असतो, बाराव्या आठवड्यात पाच-सहा सेंटिमीटरचा. एवढ्याशा जिवाला जादा जेवण लागत नाही. पहिल्या तिमाहीत जास्तीच्या कॅलरींची गरज जवळजवळ शून्य मानली जाते. दुसऱ्या तिमाहीत ती रोज साधारण ३४० आणि तिसऱ्यात ४५० च्या घरात जाते. या तीन महिन्यांत वजन अर्धा ते दोन किलो वाढतं, आणि मळमळीमुळे एखाद-दुसरा किलो उतरला तरी डॉक्टर सहसा घाबरत नाहीत. बाळ आईच्या साठ्यातून हवं ते उचलतं. तो साठा पुढे भरून काढायला सहा महिने हातात असतात.

मग ताटात असावं तरी काय?

मळमळ नसलेल्या दिवसांसाठी: प्रत्येक जेवणात काहीतरी प्रथिनं, म्हणजे डाळ, कडधान्य, दूध-दही, पनीर, अंडं, मासे किंवा मांस. त्यासोबत धान्य, शक्यतो अख्खं. एक भाजी, दिवसातून एकदा तरी हिरवी पालेभाजी. एक-दोन फळं. मूठभर दाणे किंवा सुका मेवा. मीठ आयोडीनयुक्त, कारण आयोडीन बाळाच्या मेंदूच्या वाढीला लागतं; जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणात रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन सुचवते. म्हणून मीठ जास्त खायचं असं नाही, नेहमीचंच, फक्त आयोडीनवालं.

कोलीन हा घटक फारसा कोणी सांगत नाही, पण तोही बाळाच्या मेंदूला आणि मज्जारज्जूला लागतो. अंड्याच्या बलकात तो भरपूर असतो. सोयाबीन आणि इतर कडधान्यांतूनही मिळतो.

मळमळ असलेल्या दिवसांसाठी: जे टिकेल ते. नुसता भात, उकडलेला बटाटा, केळं, गार दही, टोस्ट. आठवडाभर पालेभाजी पोटात गेली नाही म्हणून अपराधी वाटून घेऊ नका.

फॉलिक ॲसिडबद्दल इतका आग्रह का?

कारण या यादीत वेळेला सगळ्यात पक्की हीच गोष्ट आहे. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून बनतो, ती गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आसपास मिटते. म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे होईपर्यंत काम संपलेलंही असतं, आणि तोवर कित्येकींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. नळी नीट मिटली नाही तर स्पायना बिफिडासारखे दोष राहतात. १९९१ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात, आधी असं बाळ झालेल्या स्त्रियांना फॉलिक ॲसिड दिल्यावर हा दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलेलं दिसलं.

म्हणून गोळी मूल हवं असं ठरवल्यापासूनच घ्यायची आणि किमान बाराव्या आठवड्यापर्यंत चालू ठेवायची. उशिरा कळलं असेल तर आजच सुरू करा. नेहमीचा डोस रोज ४०० मायक्रोग्रॅम. स्ट्रिप उलटी करून वाचा: काहींवर ‘४०० मायक्रोग्रॅम’ असतं, काहींवर ‘०.४ मिलिग्रॅम’, दोन्ही एकच. ‘५ मिलिग्रॅम’ लिहिलेली गोळी मात्र त्याच्या बारापटीहून मोठी असते. ती आधी असा दोष असलेलं बाळ झालं असेल, मधुमेह असेल किंवा फिटची काही औषधं चालू असतील तर डॉक्टर देतात. पालेभाज्या आणि डाळींत फोलेट असतं, तरी गोळीची जागा त्या घेत नाहीत.

लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या आत्ताच घ्यायच्या का?

ते रक्ततपासणीवर आणि तुमच्या मळमळीवर अवलंबून आहे. लोहाच्या गोळीने मळमळ आणि बद्धकोष्ठता वाढते, म्हणून हिमोग्लोबिन बरं असेल तर डॉक्टर कधी कधी ती तिमाही संपल्यावर सुरू करतात. घेत असाल तर लिंबूपाण्यासोबत किंवा संत्रं, पेरू अशा फळासोबत घ्या. क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून एक-दोन तास लांब ठेवा. शी काळपट होईल, ती लोहामुळे.

मी मांस-मासे-अंडी खात नाही. काही कमी पडेल का?

प्रथिनं डाळी-कडधान्यं आणि दुधातून भरून निघतात. खरा प्रश्न ब१२ चा. वनस्पतींमधून ते भरवशाने मिळत नाही, दुधातून थोडंफार मिळतं. दूधही घेत नसाल तर गोळी लागतेच. पहिल्या रक्ततपासणीत ब१२ बघायला सांगा.

काय खाऊ नये?

‘उष्ण’, ‘थंड’, ‘काळं’, ‘आंबट’ अशा लांबलचक याद्या ज्याच्या त्याच्याकडे असतात. ठोस कारण असलेली यादी बरीच आखूड आहे.

दारू पूर्ण बंद. किती घेतली तर चालते अशी सुरक्षित मर्यादा ठरलेलीच नाही. तंबाखू कोणत्याही रूपात बंद, आणि घरात दुसऱ्या कोणाचा धूरही नको. कच्चं, न तापवलेलं किंवा पाश्चराइज न केलेलं दूध आणि त्याचं मऊ चीज नको, कारण त्यात लिस्टेरिया असू शकतो. हा जिवाणू फ्रीजच्या थंडीतही वाढतो. आईला साधा ताप येऊन जातो, पण गर्भाला जिवावर बेतू शकतं, आणि दूषित अन्न खाल्ल्यावर लक्षणं दिसायला कित्येक आठवडेही लागू शकतात. पाकीट उघडून दोन दिवस फ्रीजमध्ये पडलेलं तयार मांस त्याच कारणाने टाळा. शिळं अन्न वाफ निघेपर्यंत गरम करा. कोमट करून भागत नाही.

कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं मांस, मासे, अंडी नकोत. मोड आलेली कडधान्यं पौष्टिक खरी, पण ओलाव्यात जिवाणूही तितक्याच जोमाने वाढतात, तेव्हा ती शिजवून खा. भाज्या-फळं वाहत्या पाण्याखाली धुवा. घरात मांजर असेल तर तिची शी काढायचं काम दुसऱ्या कोणाकडे द्या आणि ते रोज होऊ द्या: टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी शी बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी संसर्ग करण्याजोगा होतो. मांजर घरातून काढायची काही गरज नाही.

यकृत, म्हणजे कलेजी, या काळात टाळा. त्यात अ जीवनसत्त्वाचं रेटिनॉल हे रूप फार असतं आणि ते जास्त झालं तर गर्भाला अपाय करतं. गाजर-भोपळ्यातल्या अ जीवनसत्त्वाचा असा धोका नाही.

आणि ‘नैसर्गिक’ लिहिलेले काढे, चूर्णं, वजन कमी करण्याची पेयं. नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे. आत काय आहे हे डब्यावर लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

चहा-कॉफी बंद करायची का?

बंद नाही, मोजून. दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफिनपर्यंत ठीक मानतात. मोठा मग इन्स्टंट कॉफीत साधारण १००, फिल्टर कॉफीत १४०, चहात ७५, कोलाच्या कॅनमध्ये ४० मिलिग्रॅम. ग्रीन टीलाही सूट नाही, त्यातही कॅफिन असतंच. कप लहान असेल तर आकडाही लहान.

मासे चालतात का?

चालतात, आणि खावेत. आठवड्यातून दोन-तीनदा नीट शिजवलेले लहान मासे उत्तम. शार्क, स्वोर्डफिश, मार्लिन, किंग मॅकरेल असे मोठे, दुसरे मासे खाऊन जगणारे मासे टाळा. त्यांच्यात पारा साठतो.

कळायच्या आधी मी दारू घेतली होती, डोकेदुखीची गोळीही घेतली. आता काय?

ही काळजी फार जणींना असते. एखाद-दुसऱ्या वेळेने नुकसान होण्याची शक्यता कमी असते. आत्तापासून थांबवा आणि पहिल्या भेटीत स्पष्ट सांगा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर मात्र भेटीची वाट न बघता आजच बंद करून डॉक्टरांना फोन करा, त्याने गर्भात गंभीर दोष होतात. उलट फिट, थायरॉइड, रक्तदाब, मधुमेह, नैराश्य यांची औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका. बदलायची असतील तर डॉक्टर बदलून देतील; अचानक तोडल्याने जास्त बिघडतं.

मला माती, खडू, बर्फ खावासा वाटतो. हे डोहाळेच ना?

आंबट-गोड-तिखट खावंसं वाटणं हे डोहाळे. अन्न नसलेल्या वस्तू खाव्याशा वाटणं हे बऱ्याचदा लोह कमी असल्याचं लक्षण असतं, बर्फाची ओढसुद्धा. लाजू नका, डॉक्टरांना सांगा आणि हिमोग्लोबिन तपासा. मातीतून जंत आणि शिसं पोटात जाऊ शकतं.

रक्ताचा डाग दिसला. संपलं का?

तसं नाही. साधारण चारपैकी एकीला पहिल्या तिमाहीत थोडाफार रक्तस्राव होतो आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं गरोदरपण पुढे नीट चालतं. तरी डॉक्टरांना कळवायचंच. सोनोग्राफी करून बघतील. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर तेही आवर्जून सांगा, अँटी-डी इंजेक्शन लागेल का हे त्यांना ठरवावं लागतं.

थेट दवाखाना गाठायचा तो या वेळी: तासाला पॅड भिजेल इतकं रक्त, गाठी, पोटात एका बाजूला तीव्र कळ, खांद्याच्या टोकाला दुखणं, भोवळ किंवा बेशुद्धी. गर्भ गर्भपिशवीऐवजी बीजनलिकेत वाढत असेल तर असं होतं आणि तिथे तास-दोन तासही मोलाचे असतात. थंडी वाजून ताप आला तरी घरी बसू नका.

माझा गर्भ पडला. मी जास्त काम केलं म्हणून का?

नाही. कळलेल्या गरोदरपणांपैकी साधारण दहा ते वीस टक्के अशी संपतात, बहुतेक पहिल्या तिमाहीतच, आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांत मुळातच दोष असतो. घरकाम, जिने, भांडण, शरीरसंबंध, एखादं फळ, यांपैकी कशानेही ते झालेलं नसतं. कोणी तुमच्या खाण्याकडे बोट दाखवत असेल तर हे उत्तर त्यांना वाचायला द्या.

व्यायाम, प्रवास, संबंध?

तिन्ही चालतात, डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर. चालणं उत्तम, आठवड्याला दीडशे मिनिटांचं उद्दिष्ट ठेवा, थकव्याच्या आठवड्यात ते सोडूनही द्या. फार गरम पाण्याचा टब आणि सॉना टाळा. गाडीत सीटबेल्ट लावा, खालचा पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर.

डॉक्टरांकडे पहिल्यांदा कधी जायचं आणि काय घेऊन?

टेस्ट पॉझिटिव्ह आली की नाव नोंदवा. पहिली तपासणी बारा आठवड्यांच्या आत व्हायला हवी. रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, थायरॉइड, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सिफिलिस आणि लघवी, असं सगळं बहुधा एकदमच तपासतात. सोनोग्राफी फार घाईने केली तर ठोके दिसत नाहीत आणि उगाच जीव टांगणीला लागतो. योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत ते सहाव्या आठवड्याच्या आसपास दिसू लागतात. सातव्या-आठव्यात गेलात तर चित्र जास्त स्पष्ट असतं. अकरा ते चौदा आठवड्यांच्या मधली सोनोग्राफी चुकवू नका, बाळाच्या मानेमागची जाडी त्याच काळात मोजता येते.

सोबत शेवटच्या पाळीची तारीख, चालू औषधांच्या स्ट्रिपा आणि आधीचे रिपोर्ट न्या. औषधांची नावं आठवून सांगण्यात गोंधळ होतो. स्ट्रिपाच पिशवीत टाका, रिकाम्या असल्या तरी चालतील.